पावसाळ्याची बेगमी आणि दाराशी ठेवायची पिशवी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत, सांगली येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की एखादा भारदस्त विषय असावा अशी सर्वांची अपेक्षा असते. चिटणीसबाईंनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी एक अगदी घरगुती विषय निवडला, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागते. पूर आला, भूकंप झाला, घर सोडण्याची वेळ आली, तर हाती काय असावे आणि ते कोणत्या विचाराने निवडावे, एवढेच मला आज सांगायचे आहे. माझे आयुष्य परिचारिकेच्या कामात गेले. पुराच्या दिवसांत शाळांमधून आणि मंगल कार्यालयांतून उघडलेल्या निवाऱ्यांवर मी काम केले आहे. घर सोडून आलेली माणसे काय घेऊन येतात आणि कशावाचून त्यांचे हाल होतात, हे तेथे जवळून पाहिले. आज जे सांगणार आहे ते बहुतेक त्या पाहण्यातूनच आलेले आहे.

बेगमी हा शब्द आपल्याला नवा नाही. चैत्र-वैशाखात सांडगे, पापड, कुरडया वाळवायच्या, वर्षाचे तिखट कांडून ठेवायचे, धान्य पाखडून, ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचे, सरपण पडवीत रचून ठेवायचे, हे आपल्या आज्यांनी कोणत्या पुस्तकात वाचून केले नाही. मृग लागण्याआधी घर तयार पाहिजे, एवढे त्यांना ठाऊक होते. आज गिरणी आहे, दुकान कोपऱ्यावर आहे, म्हणून ती बेगमी कमी झाली. पण दुकान कोपऱ्यावर आहे ते रस्ता कोरडा असेपर्यंतच, हे आपण सांगलीकरांनी अनुभवले आहे. तेव्हा जुनी बेगमी थोडी आवरली तरी चालेल, पण ही नवी बेगमी मात्र आपल्याला शिकलीच पाहिजे.

कृष्णामाईचा आपल्यावर एक उपकार आहे. ती बहुधा सांगून येते. डोंगरातून एका रात्रीत लोंढा यावा आणि गाव धुऊन न्यावे, असा तिचा स्वभाव नाही. वर पाऊस पडतो, धरणातून पाणी सोडतात, आणि आयर्विन पुलावरची पातळी फुटाफुटाने चढत जाते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे आकडे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. मग वेळ मिळत असूनही माणसे अडकतात का? त्याचे कारण मला निवाऱ्यावर बहुतेक सर्वांनी एकच सांगितले. २००५ च्या महापुरात पाणी जेथवर आले होते, त्या खुणेच्या वर ते येणार नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. भिंतीवर खूण होती, पायरीवर खूण होती. "पाचला दुसऱ्या पायरीला लागून गेले, आता तिसरीला लागेल" असे म्हणत लोक माळ्यावर सामान चढवून बसून राहिले. २०१९ च्या ऑगस्टात, नागपंचमीच्या त्या आठवड्यात, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. खूण पाण्याखाली गेली आणि माळाही गेला. पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेव्हा भगिनींनो, मागच्या पुराची खूण ही झालेल्या गोष्टीची नोंद आहे. पुढच्या पुराने ती पाळावी असे काही तिच्यावर बंधन नाही.

म्हणून पहिली वस्तू बाजारातून आणायचीच नाही. ती म्हणजे एक आकडा. आपल्या गल्लीत पाणी पुलावरच्या कोणत्या पातळीला शिरते, हे घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाला विचारावे आणि त्याच्या पाच-सहा फूट आधीचा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. तो आकडा आला की म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाई आणि जनावरे यांना हलवायचे. त्यावर घरात चर्चा करायची नाही. चर्चा करायची ती आज, कोरड्या जमिनीवर बसून करावी. हा आकडा ठरलेला नसेल तर पुढे मी जे जे सांगेन ते सर्व फुकट आहे. उत्तम पिशवी भरून ठेवली आणि निघालोच नाही, तर पिशवीही आपल्याबरोबर भिजणार.

आता सामानाकडे वळते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. घरात अडकून राहावे लागले तर लागणारे सामान वेगळे, आणि घर सोडून निघताना न्यायचे सामान वेगळे. पहिले वरच्या मजल्यावर किंवा गच्चीच्या खोलीत ठेवावे. दुसरे दाराजवळच्या खुंटीला, एका पिशवीत. दोन्ही एकत्र केले की पिशवी उचलत नाही आणि बेगमी पुरत नाही.

पाण्याचेच पाहा. माणशी दिवसाला निदान ३ लिटर पाणी पिण्याला आणि जुजबी स्वयंपाकाला धरावे. चार माणसांचे घर आणि तीन दिवस, म्हणजे ३६ लिटर. एका लिटरचे वजन एक किलो, तेव्हा हे झाले ३६ किलो आणि भांड्यांचे निराळे. इतके पाणी पाठीवर घेऊन कोणीही निघू शकत नाही. म्हणून पाण्याचा साठा घराच्या वरच्या भागात, झाकणाच्या कॅनमध्ये किंवा तोटीच्या जारमध्ये करावा, आणि पिशवीत प्रत्येकाची एक लिटरची बाटली एवढेच ठेवावे. जार निवडताना खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी केलेला घ्यावा; रंगाचा, तेलाचा किंवा औषधाचा डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. एका मोठ्या पिंपापेक्षा दहा लिटरचे चार कॅन बरे. एक फुटला किंवा नासला तरी तीन राहतात, आणि बाईमाणसाला जिना चढून नेता येतात. नळाच्या भरवशावर राहू नका. पूर चढला की नदीकाठची उपसा यंत्रेच बंद पडतात, आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळते. म्हणून इशाऱ्याची पातळी जवळ आली की त्याच दिवशी सगळे कॅन, हंडे, कळश्या भरून वर चढवाव्यात.

पाणी शुद्ध करण्याची सोय मात्र दोन्हीकडे हवी. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, मग चारपदरी सुती कापडाने गाळावे, आणि मग उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तशीच ठेवली की पुरे. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वापरावेत. येथे निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. गोळी किती लिटरसाठी आहे ते वेष्टनावर वाचावे, कारण २० लिटरची गोळी एका तांब्यात टाकून उपयोगाची नाही. आणि मुदत पाहावी, कारण जुने, उघडे राहिलेले औषध निकामी होते. औषध टाकल्यावर अर्धा तास थांबावे. गाळल्याशिवाय औषध टाकू नये. गाळ असला की औषधाचा जोर गाळावरच खर्च होतो.

खाण्याच्या बाबतीत सांगलीकराला मुळी चिंताच नको! भडंग आपलाच, बेदाणा आपल्याच जिल्ह्यातला, गूळ-शेंगदाणे घरचेच. परंतु एक विचार करावा. भडंग तिखट-मिठाचे असते आणि त्याने तहान लागते. पाणी मोजके असताना ते उपयोगाचे नाही. त्यापेक्षा भाजलेले चणे, शेंगदाणे, गूळ, बेदाणे, राजगिऱ्याचे लाडू, साधी बिस्किटे आणि मेतकूट ठेवावे. मेतकूट कोरड्या पोह्यांबरोबर चुलीवाचूनही चालते. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर त्याचे खाणे वेगळे बांधावे. त्याला नुसता गूळ देऊन चालणार नाही, आणि साखर एकदम उतरली तर साखरेची पुडीही हाताशी हवी. अंगावर पिणाऱ्या मुलाला आईचे दूध हेच सर्वांत सुरक्षित. अशा दिवसांत बाटलीचे दूध सुरू करू नये. त्या दुधाला शुद्ध पाणी कोठून आणणार आणि बाटली कशात उकळणार? त्या मुलाच्या आईचे खाणेपिणे मात्र प्रथम पाहावे.

आता पिशवी. बाजारात हल्ली संकटकाळच्या तयार पिशव्या मिळतात. चित्रे फार आकर्षक असतात. त्यात पंचवीस कामांचा एक चाकू असतो, मासे धरायचा गळ असतो, गारगोटी असते. कृष्णेच्या पुरात आपण गळ टाकून बसणार नाही. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला अंधारात, ओल्या हातांनी वापरता येईल काय? ती भिजली तर चालेल काय? आणि तिची दुरुस्ती किंवा भर, म्हणजे सेल, वात, गोळ्या, आपल्या पेठेत मिळते काय? तिन्ही प्रश्नांना होय असे उत्तर आले तरच ती वस्तू घ्यावी.

पिशवी स्वतः कशी असावी? दोन्ही खांद्यांना अडकवायची, म्हणजे हात मोकळे राहतात. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात काठी असताना बोचके कोठे धरणार? कापड जाड असावे, पण आत जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी घालून तिचे तोंड बांधावे. जलरोधक म्हणून विकलेल्या पिशव्यांची शिवण बहुधा पाझरते. भरून झाल्यावर ती पाठीला लावून घराचा जिना दोनदा चढून-उतरून पाहावा. दम लागला तर सामान कमी करावे. निवाऱ्यावर येणाऱ्या जड ट्रंका मी पाहिल्या आहेत. त्या उचलायला दोन तरुण माणसे लागत, आणि तीच दोन माणसे त्या वेळी कोणाच्या तरी आजोबांना उचलायला हवी होती.

दिव्याची निवड नीट करावी. मेणबत्ती नको. गॅस कोठे गळतो आहे हे पुराच्या घरात कळत नाही. विजेवर भरून ठेवायचे मोठे कंदील घरात असावेत, पण ते सहा-सहा महिने पडून राहतात आणि ऐन वेळी लुकलुकतात. पिशवीत साध्या सेलवर चालणारी एलईडी बॅटरी ठेवावी, आणि सेल तिच्यात न घालता वेगळ्या पुडीत ठेवावेत, म्हणजे ते पाझरून बॅटरी खराब होत नाही. घरातल्या बॅटरी, रेडिओ, घड्याळ या सर्वांना एकाच मापाचे सेल लागतील असे पाहिले तर उत्तम. म्हणजे याचे त्याला घालता येतात. जमल्यास एक कपाळाला बांधायचा दिवा घ्यावा. वस्तू गमतीची दिसते, पण जखम बांधताना, मूल उचलताना, जिना उतरताना तिच्यासारखी सोय नाही.

मोबाईल तर सर्वांकडेच आहे. त्यासाठी दहा हजार एमएएचची एक पॉवर बँक पुरे. साधा फोन तिच्यावर साधारण दोन वेळा भरतो. पण ती दर दोन-तीन महिन्यांनी भरली पाहिजे. बोलणे लागत नसेल तेव्हाही पुष्कळदा छोटा लेखी निरोप जातो, हे लक्षात ठेवावे. सर्व नंबर फोनच्या पोटात असतात आणि फोन भिजला की पोरक्यासारखे होते. म्हणून दहा नंबर कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावेत. शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. त्यात ११२ हा तातडीच्या मदतीचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा, हे तीन असावेत. शिवाय सेलवरचा छोटा रेडिओ. तो विकत घेण्याआधी आपल्या घरात आकाशवाणी नीट ऐकू येते काय हे लावून पाहावे. पुराच्या दिवसांत अफवांचा पूर पाण्याच्या आधी येतो, आणि "धरण फुटले" एवढ्या दोन शब्दांनी माणसे रस्त्यावर पळत सुटतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिट्टी. ओरडून ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो. शिट्टी लहान मूलही वाजवते आणि पावसाच्या आवाजातूनही ती दूर जाते. आत गोटी नसलेली प्लॅस्टिकची घ्यावी, ती भिजली तरी वाजते. तीन वेळा फुंकून थांबायचे, पुन्हा तीन वेळा. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक. भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसालाही तिचा उपयोग आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही लोक झोपेत असताना झाले. त्यासाठी शिट्टी, बॅटरी आणि बंद चपला-बूट उशापायथ्याशी असावेत. फुटक्या काचांवरून अनवाणी चालता येत नाही.

कपड्यांबद्दल आपण बायकांनी स्वतःचा विचार करायला शिकले पाहिजे. पाण्यातून चालताना पाचवारी साडी पायांत गुरफटते आणि भिजली की शिशासारखी जड होते. पिशवीत एक सलवार-कमीज किंवा सुनेची विजार ठेवायला लाजू नये. नऊवारीचा कासोटा घालणाऱ्या आजीबाई या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या! छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे हात मोकळे. गमबूट चिखल उपसायला चांगले, पण खोल पाण्यात ते भरतात आणि पाय उचलत नाही. तेथे नाडीचे कापडी बूट बरे. बरोबर एक काठी असावी. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी माणसाला पाडते, आणि त्याखालचे उघडे गटार डोळ्यांना दिसत नाही, काठीलाच कळते. आणि निवाऱ्यावरची एक गोष्ट स्पष्ट सांगते. तेथे दानात आलेल्या साड्यांचे ढीग लागतात. परंतु आतले कपडे आणि महिन्याच्या अडचणीचे सामान मागायला तरुण मुली दोन-दोन दिवस संकोचतात. ते सामान आपल्या पिशवीत, दोन जोड कपड्यांसह, आधीच असले पाहिजे. सोबत एक सोलापुरी चादर; घोंगडी उबदार खरी, पण भिजली की उचलत नाही.

औषधे सात दिवसांची ठेवावीत. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची औषधे एक दिवस चुकली तरी पुरापेक्षा मोठे संकट घरात उभे राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत असावी, म्हणजे परक्या ठिकाणीही औषध मिळते. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली फ्रिजवाचून साधारण चार आठवडे टिकते, मात्र तिला ऊन लागता कामा नये. वीज गेली तर मातीच्या लहान मडक्यात ओली वाळू घालून, बाटली कोरड्या पिशवीत बांधून त्यात ठेवावी. चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, काठी, या वस्तू म्हाताऱ्या माणसांचे हातपायच आहेत. त्यांची वेगळी थैली बांधावी. जलसंजीवनीची पाकिटे असावीत. नसतील तर १ लिटर शुद्ध पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घालावे. पुराच्या पाण्यातून चालल्यावर पायाची जखम साबणाने धुऊन झाकावी. त्यानंतर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल, असे झाले तर लगेच डॉक्टरांना "मी पाण्यातून चालले होते" हे सांगावे, कारण तो लेप्टोचा ताप असू शकतो. आणि पाण्याबरोबर साप कोरड्या जागेला येतो. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला चालू न देता सरकारी दवाखान्यात न्यावे.

कागदपत्रांसाठीच माणसे परत फिरतात, म्हणून त्यांचा विचार आधी करावा. आधार, शिधापत्रिका, पासबुक, घराचे आणि जमिनीचे कागद, मुलांच्या गुणपत्रिका यांच्या प्रती पिशवीत दुहेरी प्लॅस्टिकमध्ये असाव्यात. जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तेथे उतरवून घ्यावेत. तेथून दिलेले दाखले कायद्याने मूळ कागदासारखेच मानले जातात. बँकेच्या लॉकरमध्ये अस्सल कागद ठेवत असाल तर ती बँक तळमजल्यावर आहे काय, हेही एकदा पाहून घ्या. दर वर्षी मे महिन्यात घराच्या प्रत्येक खोलीचे छायाचित्र काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवावे. पुढे पंचनाम्याच्या आणि विम्याच्या वेळी त्याचा आधार होतो. दहा, वीस, पन्नासच्या नोटा थोड्या तरी असाव्यात. वीज आणि नेटवर्क गेले की मोबाईलचे पैसे मोबाईलमध्येच राहतात. निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधावा, कारण रिकामा सिलिंडर तरंगतो. आणि विजेचे मुख्य बटण हात-पाय कोरडे असतानाच बंद करावे.

एवढी झाली घरची तयारी. पण काही वस्तू एकेका घराने घेणे परवडत नाही, आणि एकेका घरात त्या असून उपयोगही नाही. त्या मंडळाने घ्याव्यात असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. यांत पहिली म्हणजे तरंगती जाकिटे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्याच जिल्ह्यात, ब्रह्मनाळला, लोकांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटली. नावेत माणसे फार झाली होती आणि अंगावर जाकिटे नव्हती. त्यात किती बायका आणि मुले गेली हे मी येथे पुन्हा सांगत नाही. आपल्याला ते विसरता येणारे नाही. आपल्या भागात पूर्वी भोपळे बांधून पोहायला शिकवत, गुळाच्या काहिलीत बसून लोक पैलतीर गाठत. त्या माणसांना नदी ठाऊक होती. आपल्या मुलांना नदी ठाऊक नाही. त्यांच्यासाठी जाकीटच हवे. फुंकून फुगवायचे घेऊ नये, ते टोचले की संपले. आत घट्ट फोम असलेले घ्यावे. ते माणसाच्या वजनाप्रमाणे असते, म्हणून लहान मुलांची वेगळी आणि पायांमधून पट्टा जाणारी असावीत. अंगात घालून पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते माप चुकीचे. उन्हात ठेवू नये, त्यावर बसू नये, वर्षातून एकदा शिवण आणि बकल तपासावे. आणि जाकीट असो वा नसो, नाव भरली की "आम्ही पुढच्या फेरीला येतो" असे म्हणण्याचे धैर्य आपल्या अंगी असावे, आणि आपल्या शेजारणीच्या अंगीही आणावे.

दुसरी वस्तू दोर. काथ्याचा नको, तो भिजून कुजतो. नायलॉनचा, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, तीस मीटरचे दोन. तो धरायला असतो. वाहत्या पाण्यात कमरेला गाठ मारून कोणी उतरू नये, दोर अडकला तर माणूस पाण्याखाली दाबला जातो. तिसरी वस्तू घडीची स्ट्रेचर, चौथी सेलवरचा हातातला भोंगा, पाचवी दोन ताडपत्र्या. हे सर्व वरच्या मजल्यावरच्या कपाटात असावे, आणि किल्ल्या दोघींकडे असाव्यात. त्यांतली एक उंचावरच्या वस्तीत राहणारी असावी, नाहीतर किल्लीच पाण्यात जायची.

त्या कपाटात एक वही असावी. माझ्या दृष्टीने सर्व सामानात ती सर्वांत महत्त्वाची. आपल्या गल्ल्यांतून अंथरुणाला खिळलेले कोण आहे, एकटे वृद्ध जोडपे कोठे राहते, कोणाचे दिवस भरत आले आहेत, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला डायलिसिस लागते, हे त्यात लिहिलेले असावे; आणि प्रत्येक नावापुढे एका सभासदेचे नाव. सरकारी पथके येतात, राष्ट्रीय दलाचे जवान येतात, आणि ते जिवावर उदार होऊन काम करतात. पण तिसऱ्या घराच्या मागच्या खोलीत माई झोपलेल्या आहेत, हे त्यांना कोण सांगणार? ते शेजारणीलाच माहीत असते.

आणि या वहीत आपल्या घरी भांडी घासायला, पोळ्या करायला येणाऱ्या बायांची नावे असलीच पाहिजेत. पाणी आधी त्यांच्या घरात शिरते. आपल्या घराला माळा आहे, गच्ची आहे, परगावी नातेवाईक आहेत. तिच्या घराला एक खोली आहे, आणि त्या खोलीत सगळा संसार. अशा वेळी ती घर सोडत नाही याचे कारण अडाणीपणा नव्हे. निवाऱ्यात गेले तर मागे पत्रे आणि भांडी कोण राखणार, हा तिचा प्रश्न खरा आहे. तिचा टीव्ही, तिची शिलाई यंत्रे, तिचे कागद दोन आठवडे आपल्या गच्चीच्या खोलीत ठेवून घेऊ, असे आपण तिला मे महिन्यातच सांगितले, तर ती वेळेवर बाहेर पडेल. हे सामान कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते आपल्याच घरी आहे.

आता दोन छोट्या सूचना करते आणि थांबते. मंडळाचे हळदीकुंकू वर्षातून दोनदा होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपली पिशवी घेऊन यावे. कैरीची डाळ आणि पन्हे होईपर्यंत एकमेकींच्या पिशव्या उघडून सेल, औषधांची मुदत, मुलांच्या कपड्यांचे माप पाहावे. मुले वाढतात, कपडे वाढत नाहीत. जुने लाडू काढून खावेत आणि नवे भरावेत. आणि संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या लुटतो, त्याऐवजी पुढच्या वर्षी शिट्टी लुटू या. तीळगुळाबरोबर शिट्टी दिली म्हणून कोणी हसले तर हसू द्यावे. दोन वर्षांत कॅन, बॅटरी, क्लोरीनच्या गोळ्या असे एकेक वाण लुटत गेले, तर एकीवर भार न पडता सर्वांच्या पिशव्या भरतील, आणि त्यात कोणी कोणाला दान दिले असेही होणार नाही.

देव करो आणि या पिशव्या उघडण्याची वेळ आपल्यावर न येवो. दर चैत्रात त्या भरलेल्या पाहाव्यात आणि तशाच खुंटीला लावाव्यात, यासारखे सुख नाही. कणगी भरलेली असली म्हणजे घरच्या बाईला रात्री झोप लागते. तशीच ही बेगमी आहे. अध्यक्षीणबाईंनी कपाटाचा आणि वहीचा विचार आजच्या सभेतच करावा, एवढी माझी विनंती आहे.